मोज्यांवरचा पाहुणा

१

वॉशर तडकला तेव्हा आवाज झाला अगदी बेताचा, सुपारी फोडल्यासारखा. पण सभागृहातल्या सगळ्यांना तो ऐकू गेला.

न्यूफाउंडलंडहून आलेले तिघे पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. एवढा अटलांटिक ओलांडून ते ओस्लोच्याही कितीतरी उत्तरेला असलेल्या हॅमरफेस्टला आले होते ते याच वॉशरसाठी. तेल-वायूच्या नळांच्या सांध्यात बसवायचा, जेवायच्या ताटाएवढा काळा रबरी वॉशर. कडाक्याच्या थंडीत साधं रबर दगडासारखं होतं, तडकतं, आणि मग वायू गळायला लागतो. आपल्या वर्कशॉपमधला वॉशर उणे पन्नासातही मऊ राहतो असा इथल्या ओद्वारचा दावा होता. आज तो सगळ्यांसमोर सिद्ध व्हायचा, दुपारी भागीदारीवर सह्या व्हायच्या आणि दोन्ही उत्तरेकडची माणसं दक्षिणेतल्या बड्या कंपन्यांना विचारल्याशिवाय एकमेकांशी धंदा करू लागायची. झालं भलतंच. थंड पेटीतला काटा उणे तीसवरही पोचला नव्हता.

ओद्वारने तुकडे हातात घेतले. आतला भाग पांढुरका होता.

"हा आपला नवा नाही," मागून वादिम म्हणाला. "हा पहिल्या घाण्यातला आहे. टाकून दिलेला."

वादिम सीमेपलीकडच्या मुर्मान्स्कचा, रशियन. आठ वर्षांपूर्वी इथे आला, ओद्वारच्या वर्कशॉपमध्ये रबर ओतायच्या भट्टीवर लागला. नाकासमोर चालणारा माणूस. पण आज तो नेमकं नको ते, नको त्या वेळी बोलला.

"तुला बरं लगेच कळलं!" ओद्वार त्याच्या अंगावरच गेला. "चालता हो. उद्यापासून वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही!"

गुनवर आली तोवर हे सगळं होऊन गेलं होतं. हॅमरफेस्टच्या पोलीस चौकीत ती वीस-बावीस वर्षं होती आणि गावातल्या अर्ध्याअधिक माणसांबरोबर ती शाळेत गेली होती. ओद्वार तर तिच्या मागच्या बाकावर बसायचा. तिने त्याला बाजूला घेतलं.

"नीट सांग. खरा वॉशर शेवटचा कधी पाहिलास?"

"काल दुपारी. मी स्वतः तपासला, उणे पन्नासला. लोण्यासारखा मऊ. स्वतः खोक्यात ठेवला, स्वतः घरी नेला. उशाशी घेऊन झोपायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. सकाळी स्वतःच इथे आणला."

"म्हणजे अदलाबदल तुझ्या घरी झाली. कालच्या जेवणाच्या वेळी."

"मग मी काय म्हणतोय? खोकं मागच्या खोलीत होतं, सगळे तिथूनच मोरीकडे जात होते. पण एवढा वॉशर खिशात मावत नाही, गुनवर. पिशवी लागते. आणि काल माझ्या घरी पिशवी घेऊन आलेला माणूस एकच होता."

गुनवर गप्प बसली. कालच्या जेवणाला तीही होती. वादिमच्या पाठीवरची ती भली मोठी हिरवी पिशवी तिलाही चांगली आठवत होती.

२

वादिम घरी स्वयंपाकघरात बसला होता. बायको लारिसा कपाटाला टेकून उभी होती. दोघांनीही रडून घेतलेलं दिसत होतं, पण चहा मात्र ठेवलेला होता.

"पिशवीत काय होतं?" गुनवरने विचारलं.

"कामाचे कपडे. मी भट्टीवरून थेट आलो होतो. लारिसाने केलेला मधाचा केक. आणि घरात घालायचे जोडे."

"कुणी पाहिलं?"

"केक सगळ्यांनी खाल्ला की," लारिसा फणकारली. "खाताना कुणाला पिशवी खुपली नाही. आज खुपतेय!"

"लारिसा, राहू दे," वादिम म्हणाला. मग गुनवरकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "बाई, माझा इथे राहायचा परवाना या नोकरीवर आहे. नोकरी गेली की आम्हाला गाव सोडावं लागणार. आणि चोर म्हणून गेलो तर पुढे कुठेच उभं करणार नाहीत. भागीदारी झाली नाही तर ओद्वारचं नुकसान होईल, खरंय. पण तो इथेच राहील. आम्ही नाही राहणार."

"पाहुण्यांची बस चारला सुटतेय," गुनवर म्हणाली. "ते गेले की सगळे हात झटकून मोकळे होतील आणि तुझ्या नावावरचा डाग पुसायला कुणी थांबणार नाही. मला तोवरच वेळ आहे."

तिथून ती ओद्वारच्या घरी गेली. दारात बूट काढले, तशीच आत गेली. ओद्वारची बायको हेर्दिस काल रात्रीची भांडी अजून घासत होती आणि रागाने आपटत होती.

"माझ्या घरात चोरी! पंचवीस वर्षं या गावात जेवणावळी घालतेय, एक चमचा हलला नाही कधी. तरी म्हटलं कालचा दिवसच मेला वाकडा होता. विमान इथे उतरलं नाही, पाहुणे आल्ताच्या विमानतळावरून बसने निघाले ते बर्फ काढणाऱ्या गाडीमागे घाटात अडकले. कॉड मासा शिजून तयार, त्याची कलेजी तयार, खाणारे बेपत्ता! त्यात माझ्या हातून बटाट्याच्या पाण्याचं पातेलं निसटलं आणि थेट स्टाइनारच्या पायांवर. बिचाऱ्याचे मोजे चिंब. मी आपले नवे विणलेले दिले त्याला, ओद्वारसाठी केले होते ते. अजून परत आले नाहीत हां, सांगून ठेवते."

"स्टाइनार लवकर आला होता वाटतं."

"तो नेहमीच येतो. घरातलाच ना तो. ओद्वारबरोबर वर्कशॉप उभं केलं त्याने."

"मागच्या खोलीत कोण कोण गेलं?"

"सगळेच! मोरी तिकडेच आहे. आता काय जेवायचं सोडून मोरीवर पहारा करायचा होता मी?"

"पिशवी कुणाकडे होती?"

"वादिमकडे," हेर्दिस चटकन म्हणाली, आणि मग तिचे हात थांबले. "पण अगं, तो असं करेल असं वाटत नाही मला. माझ्यासाठी केक आणला होता त्याने."

३

पहिल्या घाण्यातले टाकाऊ वॉशर वर्कशॉपच्या मागच्या पिंपात पडलेले असायचे. ते कुणाच्या हाती लागतील? वादिमच्या, स्टाइनारच्या, खुद्द ओद्वारच्या. आणि आणखी एकाच्या. बिर्गरच्या.

बिर्गर नगरपालिकेचा व्यापार अधिकारी. ही भागीदारी जुळवायची खटपट त्याचीच. पण गावात बोललं जायचं की दक्षिणेतल्या एका कंपनीने त्याला मोठ्या खुर्चीचं गाजर दाखवलंय आणि त्या कंपनीला ही भागीदारी मुळीच नको आहे. त्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पहिल्या घाण्यातला एक वॉशर ठेवलेला असतो, हे गुनवरने स्वतः पाहिलं होतं.

ती त्याच्या ऑफिसात शिरली ती आधी टेबलाकडे बघतच. वॉशर जागच्या जागी होता. तिने उचलून पाहिला. कड झिजलेली, वर कॉफीचा जुना डाग.

"शोधतेयस तो हाच," बिर्गर म्हणाला. "माझा इथेच आहे. घे, घेऊन जा, फोडून बघ."

"दक्षिणेच्या नोकरीचं काय?"

"तू पण? आली होती विचारणा. नाही म्हणालो मागच्या महिन्यात. आईला इथे कोण बघणार? हवं तर त्यांना फोन लाव." त्याने खरंच फोन पुढे सरकवला. "मला विचारशील तर वेळ वाया घालवतेयस. ते पाहुणे आधीच कुरकुरत होते, भट्टीवर मुर्मान्स्कचा माणूस कसा म्हणून. आता तर आयतंच सापडलं."

"कुरकुरत कोण होतं? ते की तू?"

बिर्गर लाल झाला आणि त्याने विषय बदलला. "काल बाकी हेर्दिसने काय जेवण घातलं! फक्त माझे नवे जोडे फुकट गेले. ओस्लोहून मागवलेले, काळे, चकचकीत. बघतो तर पाहुणे तिघेही मोज्यांवर. त्यांना आपली पद्धत कुठे ठाऊक? आणि त्यात आपला स्टाइनार, तोही मोज्यांवर! म्हणे पाहुण्यांना अवघडल्यासारखं होऊ नये. सगळे त्याचं कौतुक करतायत आणि मी एकटा नवरदेवासारखा चकाकतोय."

गुनवरला हसू आलं. तिनेही काल स्टाइनारचं मनात कौतुकच केलं होतं. ती पोचली तेव्हा बस नुकतीच दारात लागत होती, आणि ती जोडे घालून आत आली तेव्हा स्टाइनार पाहुण्यांच्या शेजारी पाय पसरून बसला होता.

ती जिना उतरली. एकूण काय, बिर्गर बाद झाला. ओद्वार स्वतःच्या पोटावर पाय देणार नाही. राहिले दोघे, स्टाइनार आणि वादिम. त्यातला एक ओद्वारचा भावासारखा मित्र आणि दुसऱ्याकडे पिशवी. गुनवरला हे गणित मुळीच आवडेना.

४

डोरीन टिझार्ड ही पाहुण्यांची प्रमुख. साठीची, दणदणीत आवाजाची, बाप-आजे सगळे कॉड पकडायच्या होड्यांवर राबलेले. हॉटेलात ती सामान भरून बसली होती. हिवाळ्यातल्या दोन महिन्यांच्या अंधारानंतर काल पुन्हा दिसलेल्या सूर्याच्या निमित्ताने हॉटेलवाल्यांनी वाटलेला गोड पाव तिच्या पुढ्यात होता, पण तिने तो तोडलाही नव्हता.

"वाईट वाटतंय हो," ती म्हणाली. "मला हे लोक आवडले होते. आमच्यासारखेच आहेत, वाऱ्याला शिव्या घालतात आणि तिथेच राहतात. आमच्याकडे भट्टी उभारायचं ठरत होतं. इथला एखादा जाणता माणूस दोन वर्षं आमच्याकडे येऊन शिकवणार, असं ओद्वार म्हणाला होता."

"कोण माणूस?"

"नाव नाही सांगितलं. पण बोलताना त्या मोजेवाल्याकडे बघत होता. स्टाइनार ना? भला माणूस. आमच्या सोबतीला मोज्यांवर बसला."

गुनवरने मान डोलावली. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, तोही आता सवयीनेच. "काल घरात येता-जाता कुणाच्या हातात पिशवी पाहिलीत?"

डोरीन तिच्याकडे बघतच राहिली.

"कुणाच्या हातात? अहो, सगळ्यांच्याच हातात होती!"

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. मी आमच्या माणसांना म्हटलंसुद्धा, हे लोक जेवायला येताना घरून डबा आणतात की काय? दाराशी खुंट्यांवर पिशव्यांची रांग. निघताना जो तो आपली पिशवी घेऊन निघाला. तुमच्याही हातात होती बाई. फुलाफुलांची."

गुनवर एकदम उठून उभी राहिली.

जोड्यांची पिशवी! हिवाळ्यात कुणाच्या घरी जेवायला जायचं तर बाहेरचे बूट दारात काढायचे आणि पिशवीतले घरात घालायचे चांगले जोडे चढवायचे. लहानपणापासून हेच. ती पिशवी कुणाला दिसते का? हातमोजे जसे कुणी मोजत नाही तशीच ती. वादिमची पिशवी तेवढी दिसली, कारण ती मोठी होती, पाठीवर होती आणि वादिमची होती.

तिने तिथूनच हेर्दिसला फोन लावला.

"हेर्दिस, काल कुणाकुणाकडे पिशव्या होत्या?"

"सांगितलं ना एकदा. वादिमकडे."

"आणि जोड्यांच्या?"

"अगं, त्या काय पिशव्या झाल्या? त्या सगळ्यांकडेच असतात!"

"स्टाइनारची होती?"

"होती की. निळी. मीच टांगली खुंटीवर."

"आता नीट आठव. बटाट्याचं पाणी त्याच्या पायावर सांडलं, मोजे भिजले. तेव्हा पाहुणे आले होते?"

"छे! घाटात होते म्हटलं ना. चांगला अर्धा तास आधी सांडलं. का गं? पाण्याचं काय?"

गुनवरने फोन ठेवला. पाहुणे मोज्यांवर येणार आहेत हे कुणालाच ठाऊक नसताना स्टाइनार मोज्यांवर होता. जोड्यांची पिशवी मात्र खुंटीवर होती. मग त्या पिशवीत होतं काय?

५

स्टाइनारने दार उघडलं आणि तिच्याकडे पाहून तो बाजूला झाला. ओळीतलं शेवटचं घर, समोर खाडी, पलीकडे बेटावरच्या वायूच्या कारखान्याची ज्योत वाऱ्यात आडवी झालेली.

दाराशीच फळीवर त्याचे घरात घालायचे जोडे होते, तपकिरी, पॉलिश केलेले. वर खुंटीवर निळी पिशवी.

"जोडे इथेच होते काल," गुनवर म्हणाली.

"होय."

"जन्मभर या गावात राहिलास, स्टाइनार. भर जानेवारीत हेर्दिसकडे जेवायला गेलास आणि पिशवी नेलीस, पण जोडे नाही नेलेस."

"दोन्ही मावत नव्हते," तो म्हणाला. "मोठी पिशवी नेली असती तर कुणीतरी विचारलं असतं."

"वादिमला विचारतायत तसं."

तो मटकन स्टुलावर बसला. त्याच्या पायात हेर्दिसचे विणलेले मोजे होते.

"ओद्वार तिकडे भट्टी उभारणार आहे," तो शेवटी म्हणाला. "त्याला फोनवर बोलताना ऐकलं मी. स्टाइनार जाईल म्हणाला. मला विचारलंसुद्धा नाही! तीस वर्षं झाली आम्हाला, आणि मी म्हणजे काय त्याचं हत्यार आहे, पेटीत भरून पाठवायला? एकदा तिकडे भट्टी लागली की इथली बंद होणार. मग सगळं आमच्या हातातून जाणार. मला वाटलं चाचणी फसेल, पाहुणे निघून जातील, ओद्वार चार दिवस चिडेल आणि पुन्हा सगळं पहिल्यासारखं होईल. वादिमला धरतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं गं."

"सकाळी धरलं ना त्याला. तेव्हा तू तिथेच उभा होतास."

"होतो."

"मूग गिळून."

"हो." त्याने तोंड झाकून घेतलं. "बोलणार होतो. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलू."

गुनवरला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. "तो माणूस उद्या सामान बांधतोय, स्टाइनार. तुला न्यूफाउंडलंडला जायचं नव्हतं म्हणून तो मुर्मान्स्कला जातोय. खरा वॉशर कुठे आहे? खाडीत टाकलास?"

त्याने बोट वर केलं. गुनवरने निळी पिशवी काढली. जड होती. तिने आत हात घातला.

"टाकवला नाही," स्टाइनार म्हणाला. "पहाटे धक्क्यापर्यंत गेलो होतो. माझ्याही हातचा आहे तो."

६

ओद्वारने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "बंद होणार असं कोण म्हणालं तुला? दोन भट्ट्या होणार होत्या! विचारायचंस तरी, गाढवा!"

"तू विचारलंस का मला?" स्टाइनार म्हणाला. तक्रार नोंदवायची की नाही ते उद्या बघू, असं ओद्वार पुटपुटला. गुनवरने स्टाइनारला बजावलं, की ओद्वारने काहीही ठरवलं तरी त्याने उद्या चौकीत येऊन लेखी जबाब द्यायचा, आणि वादिमच्या परवान्याच्या फायलीत त्याची प्रत लागणार.

तीनच्या सुमाराला वॉशर पुन्हा थंड पेटीत गेला. काटा उणे पन्नासवर आला. डोरीनने स्वतः हातमोजा घालून तो बाहेर काढला, वाकवला आणि सोडला. तो पुन्हा गोल झाला. सह्या झाल्या. घाटात वारा सुटल्यामुळे बस रद्द झाली आणि हेर्दिसने जाहीर केलं की सगळ्यांनी पुन्हा जेवायला यायचं, वादिम आणि लारिसाने तर आलंच पाहिजे. ओद्वार स्वतः त्यांच्या घरी जाऊन दारात उभा राहिला आणि नोकरी तुझीच आहे, माझं चुकलं, असं दोनदा म्हणाला. वादिम म्हणाला, "बरं."

संध्याकाळी गुनवर लवकर पोचली. फुलाफुलांची पिशवी खुंटीला लावली, जोडे घातले, मागच्या खोलीत फळीवर ठेवलेला वॉशर बघून आली. पाहुणे आले ते आज मोठ्या डौलात. डोरीनने हॉटेलातल्या कपडे धुवायच्या पिशवीतून जोडे आणले होते आणि ती ते सगळ्यांना दाखवत सुटली. हशा उसळला.

मग वादिम आणि लारिसा आले. दार गुनवरनेच उघडलं. लारिसाच्या हातात काही नव्हतं, पाकीटसुद्धा नाही. वादिमची पाठ मोकळी होती. त्याने कोट काढला तो अस्तर बाहेर करून खुंटीला लावला, खिसे सगळ्यांना दिसतील असे. बूट काढले आणि मोज्यांवर उभा राहिला.

"अरे, जोडे नाही आणलेस?" आतून हेर्दिस ओरडली. "आणि माझा केक?"

"जोडे आणायचे तर पिशवी लागते," वादिम म्हणाला. "पिशवी घेऊन नाही येणार आता मी कुणाकडे."

तो रागाने बोलला नाही. थंडी पडलीय असं सांगावं तसं बोलला. आतला हशा थांबला. आठ वर्षं या गावात राहिलेला माणूस पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखा दाराशी उभा होता. आत कुठे जाऊन बसावं म्हणजे मागच्या खोलीपासून लांब राहू, हे तो नजरेने शोधत होता.

सकाळी ओद्वारने पिशवीचं नाव काढलं तेव्हा आपणही गप्प राहिलो, हे गुनवरला आठवलं. ती खाली वाकली, स्वतःचे जोडे काढले आणि फळीवर ठेवले.

"चल," ती म्हणाली. "मागच्या खोलीच्या दाराशीच बसू या, मोरीच्या वाटेवर, दोघंही."